हातभर जास्तीची पट्टी

चहाची वेळ झाली तोवर आमचे हे धनपालच्या गाडीत इतके आत गेले होते, की माझी हाक तिकडं पोचून त्यांचा "ओ" परत येईपर्यंत माझी कपबशी विसळून पालथी घालून व्हायची.

गाडी बाहेरून होती तेवढीच होती. पांढरी, छोटी, मागं तिघं बसले तर मधल्यानं श्वास आवरून बसावं अशी. सकाळी मागचा बंपर गटारीच्या फरशीपाशी होता, तो तिथंच होता. मी मधूनमधून जाऊन बघून येत होते. वाढली होती ती आतून.

आमचं दुकान जयसिंगपूरच्या अलीकडं, रस्त्याला लागूनच आहे. शालन कार डेकोर. शालन म्हणजे मी. सीटकव्हर, मॅटिंग, म्युझिक सिस्टिम आणि अलीकडं सगळ्यांना वेड लागलंय ते आतले लाइट, एवढी कामं आम्ही दोघंच करतो. लाइटचं काम तसं साधं. एलईडीची पट्टी ड्रायव्हरच्या दारापासून सुरू करायची, पॅनेलच्या फटीतून मागं न्यायची, मागच्या काचेखालून वळवायची आणि डाव्या दारानं पुढं आणून सुरुवातीला जोडून टाकायची. गाडीला आतून कडदोरा घातल्यासारखी. हे आत शिरून चिकटवत जातात, मी ड्रायव्हरच्या दारात रीळ धरून उभी राहते. पट्टी पेटती ठेवूनच चिकटवायची, ही ह्यांची पद्धत. सावली कुठं पडते ते तिथल्या तिथं कळतं.

आतलं माणूस बाहेरच्याशी हिसक्यानं बोलतं. दोन हिसके आले की पट्टी सोडायची, एक आला की थांबायचं. आता ह्यांची एक खोड सांगते. पॅनेलच्या मागं हे प्रत्येक ठिकाणी हातभर पट्टी जास्तीची दडवून ठेवतात. कधी मी आत असले नि रीळ ह्यांच्या हातात असलं, तर माझा थांबायचा हिसका आल्यावरसुद्धा हातभर सोडूनच मग थांबतात.

"कशाला एवढी सोडताय हो? मला इथं गुंडाळत बसायला लागतं," मी ओरडते.

"असू दे गं. पुढं कधी लागली तर," हे म्हणतात.

पुढं कधी लागत नाही. पण सांगून ऐकतील ते आमचे हे कसले!

सकाळी नाष्टा करून हे आत शिरले आणि मागच्या सीटपाशी पोचल्यावर म्हणाले, "शालन, हिच्यामागं अजून एक सीट आहे गं."

"असंल. नवीन मॉडेल आहे," मी म्हटलं.

थोड्या वेळानं म्हणाले, "तिच्यामागंबी आहे."

"मग तिथंबी लावा. अर्धवट बरं दिसत नाही."

दुपारी मी डबा आणला. तर लांबून आवाज आला, "एवढं वळण घेतो नि येतोच." वळण काही संपलं नाही. एका गाडीला एक रीळ पुरून उरतं, पण हे रीळ हातात हलकं होईना. जेवढी पट्टी आत जायची, तेवढीच त्याच्यावर शिल्लक दिसायची.

गाडी वाढली याचं मला एवढं काही वाटलं नाही. मला घोर लागला होता तो ह्यांच्या जेवणाचा. आम्ही जैन. चातुर्मास चालू होता, आणि त्यात आमचे हे दिवस मावळला की पाण्याचा थेंबसुद्धा घेत नाहीत. बरं, साखरेचं दुखणं. वेळेवर पोटात गेलं नाही की हात थरथरायला लागतात, घाम फुटतो. मागच्या चातुर्मासात कामाच्या नादात असाच उशीर झाला, तर इथंच टेबलाजवळ घेरी येऊन पडले. मी साखर घेऊन तोंडाशी बसले. दिवस मावळलाय म्हणून ह्यांनी दात आवळून घेतले. माणूस आहे की खुंट! त्या रात्री दवाखान्यात सलाईन लावलं, तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला. डॉक्टरांनी ह्यांना नाही, मला बजावलं, की परत असं झालं तर परत आणायला जमेल असं समजू नका.

तर दिवस मावळायच्या आत ह्यांच्या पोटात भाकरी गेली पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. डबा बाकावर ठेवला होता आणि ऊन पाण्याच्या टाकीकडं सरकायला लागलं होतं.

तेवढ्यात धनपाल आला. धनपाल नांदणीचा, दूध डेअरीत असतो. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, आज तिला नि बाळाला आणायला निघायचं होतं. तिला गाडीत निळे लाइट पाहिजेत म्हणून हा सगळा घाट.

"काकी, झाली का गाडी?"

"व्हायलीय. आतून वाढलीय जरा."

त्यानं दारातून डोकं आत घातलं, बराच वेळ बघितलं आणि बाहेर काढलं. "लईच वाढलीय की. मायलेज कमी होईल काय?"

"ते अण्णा बाहेर आले की त्यांना विचार."

"कधी येतील?"

"मीबी तेच बघायलीय, बाबा."

तो बाकावर डब्याशेजारी बसला. बसला तर बसला, गप बसावं ना. पट्टीचा रिमोट तिथंच पडला होता, तो उचलून त्यानं निळं बटण दाबलं.

गाडीत रात्र झाली. बाहेर चांगलं पिवळंधमक ऊन होतं आणि दारातून गार वारा यायला लागला, रातकिड्यांचा आवाज आला, लांब कुठंतरी कुत्रं भुंकलं. पट्टीचे हिसके थांबले. ह्यांचा नियम आहे, अंधार पडला की हातातलं काम खाली ठेवायचं आणि घराकडं वळायचं. पट्टी जराशी सैल पडली, म्हणजे हे वळले असणार. मला क्षणभर बरं वाटलं. आणि मग ध्यानात आलं. आत रात्र झाली, म्हणजे ह्यांचं जेवण गेलं! बाहेर उजेड असला म्हणून काय झालं, एकदा दिवस मावळलेला बघितला की हे पाण्याला शिवायचे नाहीत.

"दे इकडं ते!" मी रिमोट हिसकावून घेतला आणि पांढरं बटण दाबलं.

आत भर दुपार झाली. गरम हवेचा लोट आला, कुणीतरी मिरच्या वाळत घातल्यासारखा ठसका आला. आणि लगेच पट्टीला दोन हिसके. दिवस आहे म्हटल्यावर हे परत कामाला लागले, परत पुढं निघाले.

"काकी, मला तर निळाच पाहिजे होता," धनपाल म्हणाला.

"तुला तुझं निळं मिळंल रे. माझ्या माणसाचं जेवण व्हायचंय अजून."

आता बघा, माझी कशी कोंडी झाली ती. निळा लावावा तर हे माघारी वळतील, पण उपाशी. पांढरा ठेवावा तर जेवता येईल, पण येणार नाहीत. मी रिमोट कमरेला खोचला, दारात वाकले आणि पोटातून हाक मारली, "अहो! या की आता!"

थोडा वेळ काहीच नाही. मग डाव्या बाजूचं दार उघडलं आणि एक गृहस्थ बाहेर आले. अंगात हातविणीचा स्वेटर, हातात दुधाची किटली.

"काय गं?" ते म्हणाले.

"तुम्हाला नाही मारली हाक."

"असं होय. हाक अगदी तशीच होती." ते बाकावर धनपालच्या शेजारी जाऊन बसले.

मी परत हाक मारली. डाव्या दारातून दुसरेच निघाले, अर्ध्या गालाला साबण लावलेले. तिसऱ्या हाकेला छत्रीवाले आले, त्यांच्या मागोमाग एक जाडजूड गृहस्थ, "आलो, आलो, डोकं खाऊ नकोस," म्हणत. सगळे मला बघून जरा ओशाळले, आणि सगळे बाकावर जाऊन बसले. बाक भरला तसे उरलेले टायरवर टेकले. कुणीतरी चहाची चौकशी केली. मी लक्ष दिलं नाही. एवढ्या सगळ्यांना चहा करत बसले तर माझा दिवस मावळायचा.

रस्त्यानं जाणाऱ्या एक बाई स्कूटर थांबवून म्हणाल्या, "अहो, तुम्ही इथं काय करालाय?" तसे साबणवाले उठले आणि मुकाट्यानं त्यांच्या मागं बसून गेले. किटलीवाल्यांना न्यायला त्यांची सून आली. ती म्हणाली, "मामंजी, दूध नासलं असंल आता." त्यांनी किटलीचं झाकण उघडून बघितलं. दूध चांगलं होतं.

मी हाका मारतच होते. प्रत्येक हाकेला एकेक निघत होता, नेमका माझा सोडून.

मग एक वाळकासा माणूस उतरला. हातात मोरपंखी दोऱ्याचं रीळ. ह्याला मी ओळखलं. आमच्या समोर पद्माक्काचं पिको-फॉलचं दुकान आहे, तिचा हा नवरा, शांतिनाथ. कितीतरी वर्षांपूर्वी दोरा आणतो म्हणून गेला, तो गेलाच. पद्माक्कानं मशिनीवर बसल्या बसल्या त्याला बघितलं. तोंडातली सुई पदराला टोचून ती रस्ता ओलांडून आली.

त्यानं रीळ पुढं केलं. तिनं ते उजेडात धरून बघितलं. "हा रंग आता कुणी घालत नाही."

"तू हाच सांगितला होतास."

"सांगितला होता," पद्माक्का म्हणाली. "तेव्हा."

शांतिनाथ माझ्याकडं वळला. "वहिनी, आत तुमच्या मालकांची गाठ पडली. मागच्या काचेखाली वळण घ्यायलेत. काम बाकी देखणं आहे. फक्त प्रत्येक सीटला हातभर पट्टी राखून ठेवालेत. ते जेवढी राखतात, गाडी तेवढी पुढं सरकते. पट्टीला जागा लागते ना."

"जेवले का काही?"

"नाही वाटतं. हात कापत होते. पट्टीचा जोड देताना सोल्डर दोनदा हुकली त्यांची."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि रडूही आलं. पुढं कधी लागली तर! आली बघा ती पुढची वेळ, अशी आली.

पद्माक्कानं माझा हात धरला. "शालन, अहो-अहो करत बसू नको. मीपण ह्या रस्त्याला उभी राहून दिवसच्या दिवस अहो-अहोच केलं. दुसऱ्यांचेच येत राहिले. नावानं हाक मार."

"नावानं?"

"नावानं. मला जमलं नाही. तू बघ."

ती गेली. शांतिनाथ तिच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला. तिनं त्याला आत बोलावलं नाही आणि हाकललंही नाही. मशीन परत सुरू झाली.

आता नाव म्हणजे काय सांगू तुम्हाला. ह्यांना सगळा गाव अण्णा म्हणतो. अण्णा म्हणून हाक मारली असती तर अर्धा जिल्हा त्या डाव्या दारातून बाहेर पडला असता. खरं नाव मी जन्मात एकदाच घेतलं, लग्नात, उखाण्यात, ते पण एवढ्या बारीक आवाजात की पुढच्या चार बायकांनीच ऐकलं असेल. नंतर कधी नाही. दवाखान्यातल्या नर्सनं पेशंटचं नाव विचारलं, तर मी धाकट्या दिराकडं बोट केलं. आणि ह्यांनी माझं नाव हे एवढं मोठं करून रस्त्यावर लावलंय, रात्री पेटतं, कोल्हापूरला जाणारी येणारी एसटी वाचत जाते. पाटी लावली त्या दिवशी मी म्हटलं होतं, स्वतःचं का नाही लावलं? तर म्हणाले, "माझं कशाला? ते घेतंय कोण?" चेष्टेत म्हणाले होते. मला मात्र ते लागून राहिलं होतं.

मी दारात वाकले. तोंड उघडलं. नाव घशापर्यंत आलं आणि तिथंच बसलं. मागं सगळे परके नवरे बसलेले, धनपाल बसलेला. लाज वाटली. म्हातारपणी कसली आलीय लाज, पण वाटली.

ऊन टाकीच्या निम्म्यावर उतरलं होतं.

मग मला एकदम सुचलं. आत दिवस आहे. पांढरा लाइट आहे तोवर आत दिवसच राहणार, बाहेर काहीही होवो. मग ह्यांना बाहेर कशाला ओढायचं? मीच डबा घेऊन आत जाते. तिथंच बसवते, तिथंच वाढते, दिवसाउजेडी. जेवले की हाताला धरून घेऊन येते. एवढं सोपं मला दुपारपासून कसं सुचलं नव्हतं, कुणास ठाऊक.

मी धनपालच्या हातात रीळ दिलं. "दोन हिसके आले तर सोड, एक आला तर थांब. आणि रिमोट माझ्या कमरेलाच राहणार, मागू नको!"

"काकी, अंधार पडायच्या आत या. बाळ वाट बघत असंल माझी."

"बाळाला कळतंय होय रे वाट बघायचं! आलेच."

मी ड्रायव्हरच्या दारातून आत शिरले. पहिली सीट ओलांडली, मागची ओलांडली, तिच्यामागची ओलांडली. वाकून चालावं लागत होतं, तेवढंच. दोन्ही बाजूंना काचा होत्या आणि काचांच्या पलीकडं आमचंच दुकान दिसत होतं, टायर, पाटी, बाकावरचे गृहस्थ. कितीही चाललं तरी तेच. पट्टी गुडघ्याच्या उंचीवरनं सरळ गेली होती, एक सुरकुती नाही. ह्यांच्या हाताला तोड नाही, हे मी रागात असतानाही म्हणते.

प्रत्येक सीटपाशी पॅनेल जरा फुगलेलं होतं. एक मी बोटानं उघडून बघितलं. आत हातभर पट्टी, नीट गुंडाळून, वर दोरा बांधून ठेवलेली. तीपण पेटलेली होती, कुणाला दिसणार नव्हती तरी.

एका सीटवर ह्यांच्या चपला जोडीनं ठेवल्या होत्या. पुढं एका हूकला शर्ट अडकवला होता. उकडलं असणार. त्याच्या पुढच्या सीटवर बिस्किटांचा पुडा होता. मीच रोज ह्यांच्या खिशात कोंबते, हात थरथरले तर लगेच खायला म्हणून. मला बरं वाटलं, चला, काहीतरी खाल्लंय. उचलून बघितला, तर निम्मी बिस्किटं खाऊन निम्मी कागदाला पीळ घालून परत ठेवली होती. पुढं लागतील म्हणून! जीव जातोय आणि हा माणूस बिस्किटं राखतोय. मी तिथंच सीटवर बसले आणि रडले. मग उठले, कारण रडायला वेळ नव्हता.

"अहो," मी म्हटलं, आणि लगेच तोंडावर हात ठेवला. पुढून दोघा-तिघांच्या खाकरण्याचा आवाज आला.

आता इथं कोण होतं मला ऐकायला? रिकाम्या सीटा. तरीपण नुसतं नाव निघेना. म्हणून मग मी उखाणाच केला. डबा छातीशी धरून, नव्या नवरीसारखी मान खाली घालून, पण आवाज चढवून म्हटलं,

"पांढऱ्या उजेडात वाढते दोडक्याची भाजी,
भूपालरावांचं नाव घेते, हाक ऐका माझी."

सीटा ओळीनं उभ्या होत्या. कुणी हसलं नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत. खाकरणारेही गप्प झाले. आवाज लांब जाताना मला ऐकू येत होता, मागच्या काचेपाशी वळण घेऊन डाव्या बाजूला गेलेलाही ऐकू आला.

एकदा उखाण्यात निघालं तसं मग ते नुसतंही निघालं. "भूपाल!" मी म्हटलं. नाव तोंडात अगदी नवंकोरं होतं. किती सोपं होतं ते. मग मला आवरेनाच. "भूपाल! अहो भूपाल! भूपाल, जेवायला या!"

मी थांबले. हाक पोचायला वेळ लागतो हे मला माहीत होतं. मी सीटवर पदर पसरला, डबा उघडला. भाकरी मऊ होती, दोडक्याच्या भाजीवर कूट मी स्वतः पेरलं होतं, शेंगांची चटणी कोपऱ्यात. आत भर दुपार होती. वाढायला हात पुढं केला आणि "ओ!" आला.

समोरून नाही आला. माझ्या मागून आला, मी जिथून शिरले होते तिथून.

मी वळून बघितलं. ड्रायव्हरचं दार काडेपेटीएवढं दिसत होतं. त्यात आमचं दुकान होतं, आणि दुकानासमोर, उघड्या बंडीवर, अनवाणी, आमचे हे उभे होते. माझी हाक ऐकून डाव्या दारानं बाहेर पडले असणार. वळण तेव्हा संपतच आलं असेल.

"शालन कुठाय?" ह्यांचा आवाज सावकाश माझ्यापर्यंत आला.

"काकी आत गेल्यात, तुमचा डबा घेऊन," धनपाल म्हणाला.

"आत? कशाला?"

"तुम्हाला जेवायला घालायला."

हे गाडीच्या दाराकडं वळले. मग म्हणाले, "माझ्या नावानं कोण हाक मारत होतं रे?"

"काकीच."

काडेपेटीएवढ्या दारात मला ह्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता. पण ह्यांनी बंडीच्या टोकानं डोळे पुसले, तेवढं दिसलं. मग ह्यांनी बाकाला धरलं आणि हळूच खाली बसले. बसण्याची ती तऱ्हा मी ओळखते.

"अण्णा, घाम लई आलाय तुम्हाला. काहीतरी खावा. हे घ्या, गोळी आहे माझ्याकडं चॉकलेटची," धनपाल म्हणाला.

"दिवस मावळला का?"

"आत्ताच. हे काय, टाकीमागं गेला."

"मग नको," हे म्हणाले. "शालन येऊ दे."

"दात आवळू नका!" मी ओरडले. "भूपाल, तोंड उघडा! इथं दिवस आहे, इकडं या!" डबा तसाच काखेत मारला आणि दाराकडं निघाले, सीटामागून सीटा ओलांडत. शर्टाची सीट गेली की चपलांची येईल असं वाटत होतं, ती आधीच येऊन गेली होती का अजून यायची होती ते कळेना. माझा आवाज माझ्यापुढं चालला होता, पण फार पुढं नाही.

"रीळ दे माझ्याकडं," हे धनपालला म्हणाले. "तुला सोडायचं कळायचं नाही. शालन आत आहे."

ह्यांनी रीळ मांडीवर घेतलं. पट्टी माझ्या हाताखालीच होती, तिच्यातनं ह्यांच्या बोटांची थरथर मला स्पष्ट कळली. पट्टी सुटली की गाडी वाढणार, हे आता मला माहीत होतं, ह्यांना नव्हतं. मी पट्टी मुठीत घट्ट धरली आणि एक हिसका दिला. एक म्हणजे थांबा.

ह्यांना कळलं. बसल्या जागी मान हलवली.

मग हातभर पट्टी सैल होऊन माझ्या पायाशी येऊन पडली, आणि माझ्या नि दाराच्या मध्ये आणखी एक रिकामी सीट उभी राहिली.